सारवलेला खड्डा

खड्डा सारवायची कल्पना माझी. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी सुलोचनाबाईचं नाव घ्यायला नको. शेण तिच्या गोठ्यातलं होतं, एवढाच तिचा दोष.

आमच्या कोसमटोल्याच्या खाली गाढवी नदी वळण घेते. त्या वळणावर पाण्यानं काठ खात खात उभी कड करून ठेवली आहे. त्या कडेतून खापरं निघतात, चकमकीच्या दगडाची बारीक पाती निघतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आम्ही ती पाती घेऊन बाहुलीची भाजी चिरायचो. नूतन मॅडम नागपूरहून आल्या, कड बघून तिथंच उन्हात दोन तास बसल्या, आणि पुढच्या वर्षी तंबू, दोऱ्या, चाळण्या आणि परवानगीचे कागद घेऊन परत आल्या.

धान कापून झालं होतं. मी, सुलोचनाबाई, तिची सून रुख्मा आणि आणखी सात-आठ जणी कामाला लागलो. मुकादम चैतराम. दोन महिन्यांत खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी पंधरा हात खाली गेला. त्याच्या एका भिंतीत मातीचे नऊ थर सरळ दिसायचे. वर नदीचा गाळ, खाली काळी माती, मग रेती, मग पिवळी, परत रेती. प्रत्येक थराला मॅडमनं खिळ्यानं एक पत्र्याची चकती ठोकली होती, तिच्यावर आकडा. वरच्या थरातली खापरं पातळ आणि चाकावरची. खाली जावं तशी ती जाड, ओबडधोबड होत गेली. सातव्या थरात नुसती हातानं थापलेली. आठव्यात आणि नवव्यात खापराचा एक तुकडा नाही, फक्त दगडाची पाती.

आणि त्या सातव्या थरात, भिंतीत अर्धी रुतलेली, चूल होती. दोन धोंडे आणि त्यांच्यामध्ये काळं.

मॅडमचा जीव त्या चुलीत. त्या म्हणायच्या, "मावशी, या नदीवर मडक्यात पहिल्यांदा कोणी रांधलं, ते ही चूल सांगेल." चुलीतला कोळसा यंत्रात घातला की किती हजार वर्षं झाली ते कळतं म्हणे. पण तीन आठवडे त्यांनी कोळशाला हात लावला नाही. दिल्लीचे मोठे साहेब येणार होते, त्यांच्यासमोर तो काढायचा होता. पुढच्या वर्षी हे खोदकाम चालू ठेवायचं की खड्डा बुजवून टाकायचा, ते साहेब ही चूल बघून ठरवणार होते. बाकी साऱ्या खड्ड्यात कोळशाचा दुसरा कण सापडला नव्हता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मॅडम त्यांना घ्यायला जीपनं कोहमाऱ्याला गेल्या. जाताना सांगून गेल्या, ब्रशनं झाडा, ताडपत्री घाला आणि घरी जा.

आम्ही झाडलं. चार वाजता सारं झालं आणि आम्ही वरच्या काठावर उभ्या राहून खाली बघितलं.

"कसं तरीच वाटते वो," सुलोचनाबाई म्हणाली. "दिल्लीचा पाहुणा येऊन राहिला अन् हे असं कोरडं-भुंडं."

"सारवलं पायजे," मी म्हणाले.

"मॅडमनं सांगतलं का?"

"तुह्या घरी पाहुणा येते तवा तुले कोण सांगते?"

रुख्मानं विचारलं, "भितीले बी?"

"भित काऊन सोडाची? पाहुणा खाली पाहून चालते का?"

सुलोचनाबाईनं सुनेला शेण आणायला पिटाळलं. चैतरामनं नदीवरून पाण्याचे आठ डबे आणले. तो म्हणालाही, "बाप्पा, मस्त होते आता." हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आधी चूल. सारवायला चुलीपासूनच सुरुवात करायची, हे काय सांगायला हवं. ते काम मी दुसऱ्या कोणाला दिलं नाही. कालवलेलं शेण घट्ट ठेवलं, कारण उभ्या भिंतीवर पातळ थांबत नाही, आणि दोन्ही धोंड्यांवरून, मागच्या फटीतून बोटं घालून सावकाश हात फिरवला. मग हळदीकुंकू वाहिलं. मग भिंत. भिंतीसाठी चकत्या काढाव्या लागल्या. त्या नदीवर नेऊन घासल्या. परत ठोकायची वेळ आली तेव्हा मी पुढे झाले. साठाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात आकडे शिकले तेव्हापासून वेडेवाकडे लावलेले आकडे मला बघवत नाहीत. मॅडमनं दोन आणि तीन जवळजवळ चिकटवून ठेवले होते आणि पाच-सहाच्या मध्ये हातभर जागा सोडली होती. मी दोरीनं मापून एक ते नऊ सारख्या अंतरावर, एका ओळीत बसवले. शेवटी रुख्मानं पायऱ्यांच्या कडांना पांढरी माती ओढली आणि तळाशी चौक काढला.

"आता हे घर दिसते," सुलोचनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहफुलं वेचून, टोपल्या घरी टाकून आम्ही लवकरच खड्ड्यावर येऊन बसलो. आठ वाजता जीप आली. साहेब उतरले. किडकिडीत, पांढरे केस, गळ्यात चष्म्याची दोरी. मॅडम त्यांच्या पुढे, हात लांब करून काहीतरी दाखवत येत होत्या. काठावर आल्या आणि तो लांब केलेला हात तसाच राहिला.

नदीवर कोणाची तरी म्हैस डुंबत होती, तिचा आवाज येत होता.

"हे काय आहे?" मॅडमनं विचारलं.

"सारवलं," मी म्हणाले. "भित बी. पाह्यजा, आकडे कसे एका लायनीत आले."

मॅडम तीन पायऱ्या उतरल्या आणि चौथीवर बसल्या. चैतराम मागून म्हणाला, "मी फक्त पाणी आणलं होतं."

साहेबांनी मात्र एक गोष्ट केली. खाली सारवलेलं बघून त्यांनी काठावर बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, आणि अनवाणी उतरले. मला तो माणूस तिथंच आवडला.

"मावशी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चूल?"

"पहिले चूलच सारवली."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतात. पण त्या रडत नव्हत्या, मोजत असाव्यात काहीतरी. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते मला समजलं, हेच वाईट झालं. शेण म्हणजे गाईनं खाल्लेलं गवत. यंदाचं गवत. यंत्र कोळशाचं जुनेपण मोजतं, त्यात हे ताजं गवत भिजून मुरलं की आकडा खोटा निघतो. खोट्या आकड्यावर साहेब विश्वास कसा ठेवणार? साहेब कशाला, त्या स्वतःही ठेवणार नाहीत.

"धुवून काढू," मी म्हणाले.

"धुतलं तर आणखी आत जाईल."

मी हात पाठीमागे नेले. रुख्मा सासूच्या मागे जाऊन उभी राहिली. साहेबांनी हिंदीत विचारलं, "नूतन, अंदर कितना है? पीछे?"

"माहीत नाही सर," मॅडम म्हणाल्या, आणि मग तेच हिंदीत सांगितलं. भिंतीत आपल्याला दिसत होता तो चुलीचा तोंडचा भाग असेल, तर मागे भरपूर शिल्लक आहे. तो शेवट असेल, तर चूल आपणच पूर्वी खणून टाकली आणि मागे काहीच नाही.

चैतरामला नको तेव्हा आठवतं. "मॅडम, मागच्या महिन्यात या बाजूनं एक धोंडा निघाला होता. मीच फेकला."

मॅडमनं त्याच्याकडे बघितलं. सुलोचनाबाई त्याला म्हणाली, "तुले आजच सांगाचं होतं का गा?"

मी चुलीजवळ जाऊन बसले. सारवण वाळलं होतं, त्यावर माझ्याच बोटांच्या ओळी होत्या. त्या ओळी बघता बघता काल बोटांना काय लागलं होतं ते आठवायला लागलं.

"मॅडम, चूल आत आहे," मी म्हणाले.

"कशावरून?"

"काल मी धोंडे सारवले. जळका धोंडा हाताले कळते. ज्या आंगानं जाळ लागते तेथचे पापुद्रे सुटते, खरबरीत होते. हे दोनी धोंडे समोरून गुळगुळीत होते. खरबरीत आंग माह्या बोटाले मागं लागलं, भितीकडं. जाळ मागं होता."

"पण काळं तर समोर दिसत होतं."

"ते राख ओढलेली. आपण राख कोठून ओढतो? तोंडातून. मंजे तोंड इकडं, पोट तिकडं. अन् दोन धोंड्यावर मडकं बसते का? तिसरा धोंडा मागं असला पायजे."

"अन् चैतरामनं फेकला तो?" रुख्मानं सासूच्या मागूनच विचारलं.

मी चैतरामला विचारलं, "काळा होता का?"

"नाई. पांढरा. नदीतला गोटा."

"मंग तो चुलीचा नाई. नदीतला गोटा चुलीले कोणी लावत नाई. तापला का फुटते, तोंडावर उडते."

मॅडम उठल्या आणि चुलीसमोर माझ्या बाजूला येऊन बसल्या. मग साहेबांना सारं सांगितलं. साहेबांनी स्वतःचा हात पुढे करून मला त्यावर बोटानं दाखवायला लावलं, धोंडा कुठं, बोट कुठं, खरबरीत कुठं. ते दोनदा बघून म्हणाले, "ऊपर से काटिए. एक हाथ पीछे तक. भीतर सुरंग मत कीजिए, सब गिर जाएगा. पाँच बजे मुझे निकलना है."

वरून म्हणजे, चुलीच्या डोक्यावरची दहा हात माती, हातभर रुंद, सरळ खाली कापत आणायची. एका दिवसात. थर एकमेकांत मिसळू न देता.

चैतराम गावात माणसं बोलवायला धावला, आणि त्यांच्यासोबत आमच्या घरचे, यादोराव, खांद्यावर फावडा टाकून आले. वय सत्तर. खोदकाम सुरू झाल्यापासून ते एकदाही इकडे फिरकले नव्हते, कारण त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"माती कापाची होती त पहिलेच कोहळ्याले बलावलं पायजे होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आम्ही जातीचे कोहळी, पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणारे. "आमच्या आज्यानं तलाव बांधला."

"आज्यानं बांधला," चैतराम म्हणाला. "तुमी त त्यातल्या मासोऱ्या खाल्ल्या."

"अन् तुमचे धान कोणत्या पाण्यावर पिकते गा?"

चैतराम दोरी बांधायला गेला.

एक गोष्ट आमच्या बाजूनं झाली. रात्रभरात सारवण साऱ्या भिंतीवर सारखं वाळलं नव्हतं. रेतीच्या थरावर ते पार कोरडं पांढरट झालं होतं आणि चिकणमातीवर अजून ओलसर गडद होतं. त्यामुळे भिंतीवर पट्टे उमटले होते. मॅडमनं आपल्या वहीतलं चित्र उघडलं, पट्टे बघितले, आणि माझ्या एका ओळीतल्या चकत्या उपटून जिथल्या तिथं ठोकल्या. मी मदत केली. पाच-सहाच्या मध्ये परत हातभर जागा सुटली. मी तिकडं पाठ केली.

यादोराव माती कापतात ते बघण्यासारखं असतं. दोरी लावून ते एकदाच खाली बघतात, मग फावडा असा पडतो की भिंत विळ्यानं कापल्यासारखी उभी राहते. थर बदलला की ते थांबायचे, "बदलली" एवढंच म्हणायचे, आणि मॅडमनं भिंतीकडे बघितलं की चकती तिथंच असायची. तीनदा असं झाल्यावर मॅडमनं बघणं सोडून दिलं. प्रत्येक थराचा ढीग वेगळा. आम्ही टोपल्या वर नेत होतो, रुख्मा चाळत होती. साहेब वर पळसाच्या सावलीत बसले होते आणि दर अर्ध्या तासानं खाली येऊन जात होते. अनवाणीच.

दुपारी शिदोरी सोडली. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. मी नुसती भात कालवत बसले.

"खा वो," सुलोचनाबाई म्हणाली. "उपाशी राहून चूल मागं सरकणार नाई."

"मागं सरकू नको म्हण. हाय तेथं राहू दे."

"शेण माह्या गोठ्यातलं. अर्धं पाप माहं."

"पाव," मी म्हणाले. "चैतरामले बी पाव दे." मग मी दोन घास खाल्ले.

तीन वाजता यादोराव सातव्या थरावर आले आणि आपणहून फावडा बाजूला ठेवला. आता मॅडमचं काम. त्यांनी भिंतीच्या तोंडापासून चार बोटांवर दोरी बांधली. दोरीच्या अलीकडचं सारं टाकून द्यायचं, शेण तिथवर मुरलं असं धरायचं. पलीकडे जे निघेल तेच खरं. मग त्या पालथ्या पडून लहान खुरपीनं आणि ब्रशनं सावकाश माती काढायला लागल्या.

मी पायरीवर बसले होते आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले होते. कोणी सांगितलं नव्हतं.

दोरीच्या पलीकडे पिवळी माती निघाली. आणखी पिवळी माती. एक बोट खाली, दोन बोटं खाली, तरी पिवळीच. काळ्याचा मागमूस नाही. चार वाजत आले. साहेब खाली येऊन उकिडवे बसले. चैतराम माझ्याकडे बघेना. माझ्या मनात आलं, बोटांना काल खरबरीत लागलं होतं की मला तसं वाटलं होतं? मॅडमसारख्या शिकल्यासवरल्या पोरीनं दोन वर्षं ऊन खाल्लं आणि मी एका संध्याकाळी तिच्या चुलीवर शेण फिरवलं.

"दगड आहे," मॅडम म्हणाल्या.

दोरीपासून वीतभर मागे एका धोंड्याचं डोकं वर आलं होतं. करडं. काळं नव्हे.

"बाहेरची बाजू असंल," यादोराव म्हणाले.

मॅडम ब्रश घेऊन धोंड्याच्या आमच्याकडच्या बाजूला आल्या. चार-पाचदा ब्रश फिरवला, मग हात थांबला. मग त्यांनी मला हाक मारली. मी उतरले. धोंड्याचं आतलं अंग काळं ठिक्कर होतं आणि त्याचे पापुद्रे सुटले होते.

"हात लावून सांगा," त्या म्हणाल्या.

"मी नाई लावत."

"दगडाला चालतं मावशी. कोळशाला नको."

मी एक बोट लावलं. खरबरीत.

त्या तीन धोंड्यांच्या मध्ये, आणखी चार बोटं खाली, राख निघाली. पांढरी, भुसभुशीत, बाजूनं लाल भाजलेली माती. आणि राखेत कोळसे. चुरा नव्हे, बोटाच्या पेराएवढे अख्खे तुकडे, लाकडाच्या रेषा दिसत होत्या. माझ्या सारवणापासून वीतभर दूर, दोरीच्या पलीकडे. मॅडमनं चिमट्यानं एक उचलला, चांदीसारख्या कागदात ठेवला, आणि मग साहेबांकडे बघून त्या अशा हसल्या की त्यांच्या नाकावरची माती खाली पडली.

साहेबांनी तुकडा उजेडात धरला. "नूतन, इस किनारे को यूँ छोड़ना ठीक नहीं. अगले साल भी खोदिए. उसके अगले साल भी. मैं लिखकर दूँगा."

"काय म्हणाले?" सुलोचनाबाईनं वरून विचारलं.

"अजून खोदा म्हणते," चैतराम म्हणाला.

"सारवाचं का नाई ते इचार."

साहेबांना ते मॅडमनं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, अंगण जरूर सारवा, भिंत आमच्यासाठी सोडा. मी मान हलवली. चुलीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि बरं झालं.

कोळसे डबीत गेले. मॅडम तरी उठेनात. त्या राखेकडे बघत होत्या. "मावशी, ही बाई बसत कुठं असेल?"

मी पदर खोचला आणि चुलीच्या तोंडासमोर बसून दाखवलं. डावा गुडघा वर, उजवा खाली. "अशी. अन् इकून जाळ सारत असंल."

सुलोचनाबाईला वर राहवलं नाही, तीही उतरली. राखेचा ढीग चुलीच्या तोंडाशी डावीकडे जास्त होता, तो तिनं दाखवला. "डावखोरी होती ही. राख डाव्या हातानं ओढली. तू उजवी बसून राहिली."

"राख डाव्या हातानं ओढते मंजे उजव्या हातात काहीतरी होतं तिच्या. पळी असंल."

"नाई तर लेकरू," रुख्मा म्हणाली.

पाच वाजून गेले होते. जीपच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. साहेब मांडी घालून तिथंच बसले होते आणि मॅडमला विचारायला सांगत होते, की मग लाकडं ती कोणत्या बाजूला ठेवत असेल. त्यावर आमच्या तिघींचं एकमत होईना, तेव्हा मॅडमनं वही उघडली आणि म्हणाल्या, एकेकीनं बोला.